आजोबांच्या ट्रंकेत डुकरिणीचं पोर्तुगीज चित्र सापडलंय. काय आहे हे?

माडाखालची (फोंडा)

नमस्कार. चतुर्थीच्या साफसफाईत माळ्यावरची आजोबांची पत्र्याची ट्रंक खाली काढली. वीसेक वर्षं तिला कोणी हात लावला नव्हता. वर जमिनीचे कागद, त्याखाली लिसेवची, म्हणजे पोर्तुगीज हायस्कूलची सर्टिफिकिटं, एक काडी मोडलेला चष्मा, आणि तळाला पुठ्ठ्यावर डकवलेलं हे चित्र. फोटो जोडलाय, पण उजेड बरा नव्हता म्हणून लिहूनही सांगते.

वहीच्या पानाएवढा कागद, चहा सांडल्यासारखा पिवळा. मध्ये भलीमोठी डुकरीण आणि तिच्या आचळांशी पिलांची नुसती रेटारेटी. अक्षरं पोर्तुगीज. मला लागलं ते एवढंच, 'आ पोलितिका' आणि 'आ ग्रांद पोर्का'. म्हणजे राजकारण नावाची मोठी डुकरीण का? चारही कोपऱ्यांना टाचण्यांची भोकं आहेत. तीन पिलांच्या शेजारी पेन्सिलीने अगदी बारीक काहीतरी लिहिलंय. मोडी असावी, आजोबा मोडी लिहायचे.

आजोबा कोर्टात कारकून होते आणि फार सोवळे. जेवताना कोणी बोललेलं त्यांना चालायचं नाही. त्यांनी हे चित्र कुठल्या भिंतीवर लावलं असेल याचाच आम्ही दोन दिवस विचार करतोय. आई म्हणते, गणपती घरात यायच्या आत ती डुकरीण बाहेर काढ.

चित्र कोणाचं, किती जुनं, अस्सल आहे का, कोणी सांगेल का? आणि टिकवायचं कसं? ओळखीचा फ्रेमवाला लॅमिनेशन करून देतो म्हणाला, उद्या न्यायचं आहे.

मिरामारचा वारा (पणजी)

आपला गोव्याचा व्यंगचित्रकार मारियो मिरांडा! डोळे झाकून सांगतो. पर्वरीला त्याची गॅलरी आहे, तिथे दाखवा. लाखात किंमत येईल.

ट्रेडलकाका (म्हापसा)

बाय, लॅमिनेशन करू नकोस. बाकीचं सावकाश वाच, आधी त्या फ्रेमवाल्याला फोन करून नको म्हणून सांग. ते प्लास्टिक उष्णतेनं कागदाला जे धरतं ते मेल्याशिवाय सोडत नाही, आणि मरतो तो कागद. सेलोटेप पण नको.

वाऱ्याबाब, डोळे उघडून सांगा. मारियो जन्मला १९२६ ला. त्याची रेघ बारीक, चित्रात जागा म्हणून रिकामी सोडायचा नाही. राजकारण्यांना त्यानं पण सोडलं नाही, त्याचा बंडलदास मंत्री आठवा. पण ही डुकरीण त्याची नव्हे.

मी म्हापशात चाळीस वर्षं छापखान्यात काढली. खिळे म्हणजे शिशाची अक्षरं जुळवली, ट्रेडल म्हणजे पायानं चालणारं छापयंत्र मारलं, शेवटी ऑफसेटवर गेलो. आता नातवाच्या टॅबवर लंडन-पॅरिसच्या म्युझियमांतली चित्रं मोठी करून बघत बसतो, म्हणून चार गोष्टी सांगू शकतो. चित्र कोणाचं ते पोर्तुगीज येणारा कोणीतरी सांगेल. ते कसं छापलंय ते तू स्वतःच शोधून काढ.

घड्याळजीकडे दहापटीचं भिंग मिळतं, ते आण. उन्हात नको, खिडकीच्या उजेडात बघ. डुकरिणीच्या पोटाच्या सावलीवर भिंग धर. सारख्या अंतरावर, शाळेच्या कवायतीला उभे केल्यासारखे ठिपके दिसले, काळोख्या जागी जाडे आणि उजळ जागी बारीक, तर तो हाफटोन ब्लॉक. म्हणजे मूळ चित्राचा फोटो काढून, जाळीतून पत्र्यावर उतरवून छापलेलं. निळे-लाल-पिवळे ठिपके फुलासारखे गुंफलेले दिसले तर ऑफसेट, अगदी कालपरवाचं. आणि ठिपक्यांची शिस्तच नसेल, खरबरीत पाटीवर खडू ओढावा तसा दाणा दिसला, तर मग बाय, श्वास धरून ठेव. ती शिळाछाप.

शिळाछाप म्हणजे खरोखरचा दगड. बव्हेरियातला गुळगुळीत चुनखडीचा. त्याच्यावर चरबीच्या खडूनं उलटं चित्र काढायचं, दगड ओला करायचा, वर तेलकट शाईचा रोलर फिरवायचा. ओल्या जागेवर शाई बसत नाही, चरबीवर बसते. एवढंच शास्त्र. सेनेफेल्डर नावाच्या जर्मन माणसानं १८०० च्या थोडं आधी हे काढलं आणि टिंगल करणाऱ्यांचं नशीब उघडलं. त्याआधी काम तांब्याच्या पत्र्यावर. लंडनला गिलरे नावाचा चित्रकार असा आम्लानं पत्रे कोरायचा. १८०५ ला त्यानं पिट पंतप्रधान आणि नेपोलियन जेवणाच्या टेबलावर बसून पृथ्वीचं पुडिंग सुरीनं कापताहेत असं दाखवलं. नेपोलियनच्या ताटात युरोप, पिटच्या ताटात समुद्र. छापून झाल्यावर एकेक प्रत हातानं रंगवायची. हॅना हम्फ्री म्हणून बाई होती, तिच्या दुकानाच्या काचेत ही चित्रं लागत. पैसेवाले आत जाऊन विकत घेत, बाकीचे रस्त्यावर उभे राहून फुकट हसत. मला ते रस्त्यावरचे जास्त जवळचे वाटतात.

दगडाचा फायदा असा की चित्रकार स्वतः त्याच्यावर काढतो. मध्ये दुसरा कोरणारा नको. सोमवारी मंत्री काही बरळला तर आठवड्याच्या अंकात त्याचं नाक लांब. पॅरिसच्या दोमियेनं अशी चारेक हजार चित्रं दगडावर काढली. १८३१ च्या डिसेंबरात त्यानं राजाला राक्षस करून खुर्चीवर बसवला. जिभेवरून फळी टाकलेली, गरीब लोक पैशांच्या टोपल्या डोक्यावर घेऊन तीवरून चढताहेत आणि सरळ राजाच्या तोंडात रिकाम्या करताहेत. खुर्चीखालून काय पडतंय? सनदा, मानमरातब, आणि ते झेलायला खाली दरबारी उभे. चित्र दुकानाच्या काचेत लागलं तोच जप्ती आली. दोमियेला सहा महिन्यांची कैद आणि पाचशे फ्रँक दंड.

विषय सोडून गेलो. तुझ्या चित्राची पाठ दिसते का? फोटोत फक्त वरची कड डकवलेली वाटते. तसं असेल तर खालून हलकेच उचल आणि मागे काय छापलंय ते सांग. पुढच्या बाजूपेक्षा मागची बाजू खरं बोलते.

माडाखालची (फोंडा)

काका, फ्रेमवाल्याला नको म्हणून सांगितलं. तो रुसला.

भिंग आणलं. ठिपके. कवायतीला उभे केल्यासारखेच. खरं सांगू, जीव खट्टू झाला.

खळ वरच्या कडेलाच होती, म्हणून पाठ बघता आली. एका टॉनिकची अर्धी जाहिरात आहे. तळाला बारीक अक्षरांत 'मार्सू १९४६' आणि एका चौकटीत 'विझादू पेला कोमिसांव दे सेन्सुरा' असं काहीतरी. सेन्सुरा म्हणजे सेन्सॉरच ना?

दिवचलची लेक (सध्या लिस्बन)

मी रोज ज्या बसने जाते ती कांपू ग्रांदवरून जाते आणि या चित्रकाराचं म्युझियम तिथेच आहे, म्हणून घाईघाईने लिहितेय. हा राफाएल बोर्दालो पिन्हेरो, १८४६ ते १९०५. डुकरीण त्याच्या 'आ पारोदिया' साप्ताहिकाच्या पहिल्याच अंकातली, १७ जानेवारी १९००. पुढच्या अंकांतून त्याने सगळा गोठा भरवला. सरकारी तिजोरी म्हणजे मोठा कुत्रा, पार्लमेंटातली भाषणं म्हणजे मोठा पोपट, अर्थव्यवस्था म्हणजे खुडूक कोंबडी.

तेव्हा इथे राजा होता आणि दोन पक्ष आळीपाळीने सत्तेत यायचे. एकाचं पोट भरलं की दुसऱ्याची पाळी. डुकरिणीला दोन्हीकडची पिलं सारखीच.

त्याचा दुसरा मोठा माणूस म्हणजे झे पोविन्यू. ठिगळांच्या कपड्यातला, दाढीचे खुंट वाढलेला, तोंड वासलेला खेडूत. पहिल्यांदा आला तो १२ जून १८७५ ला, सांत आंतोनच्या फेस्ताच्या आदल्या दिवशी. चित्रात पंतप्रधान फोंतिश सांत आंतोन बनलाय, त्याच्या कडेवर बाळ येशूच्या जागी खुद्द राजा, आणि मंत्री सणाची वर्गणी म्हणून झेकडून कर उकळतोय. झे डोकं खाजवत उभा. पुढे पुढे त्याच्या पाठीवर गाढवासारखं खोगीर आलं. मग बोर्दालोने काल्दाश दा रायन्याला मातीकामाचा कारखाना काढला आणि झेचे पुतळे केले, कोपरात हात मारून ठेंगा दाखवणारे. अजून मिळतात. माझ्या फ्रिजवर एक आहे.

तुमचा कागद १९४६ च्या मार्चचा, म्हणजे बोर्दालोच्या जन्मशताब्दीच्या महिन्यातला. त्याचा जन्म २१ मार्चचा. कुठल्यातरी मासिकाने त्यानिमित्त जुनं चित्र परत छापलं असणार. मूळ अंक बघायचा असेल तर लिस्बनच्या नगरपालिकेच्या वृत्तपत्र संग्रहालयाने 'आ पारोदिया' इंटरनेटवर ठेवलंय, फुकट.

रेघोट्या (मडगाव)

मी व्यंगचित्रं काढून इन्स्टावर टाकतो, म्हणून माझा कान टवकारला. १९४६ म्हणजे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारची राजवट. तेव्हा लग्नाची पत्रिका छापायला पण परवानगी लागायची असं आजी सांगते. मग सेन्सॉरने 'राजकारण ही डुकरीण' हे सोडलं कसं? झोपला होता का?

आणि एक. मागच्या कार्निव्हलला मी एका मंत्र्याचं चित्र टाकलं, कार्निव्हलचा राजा किंग मोमो, त्याच्या रथावर बसून लोकांवर नोकऱ्यांचे फॉर्म उधळतोय. संध्याकाळी काकांचा फोन, "काढ ते. तुझ्या भावाची फाइल वर गेलीय." काढलं. तेव्हापासून प्रश्न पडलाय, लोक लेख वाचून गप्प बसतात, चित्र बघून का खवळतात?

ट्रेडलकाका (म्हापसा)

रेघोट्या, तुझं दुसरं आधी घेतो. फ्रान्सच्या सरकारला पण हेच पडलं होतं. १८३५ च्या जुलैत राजावर हल्ला झाला, सप्टेंबरात कायदा आला. लेख छापायला आधी परवानगी नको, चित्राला हवी. म्हणजे सरकारनंच लिहून दिलं की रेघ शब्दापेक्षा वाईट. वाचता न येणारा पण चित्र वाचतो, आणि एकदा बघितलेलं नाक परत सरळ होत नाही. त्या राजाचं डोकं वर निमुळतं, गाल खाली लोंबते. फिलिपों नावाच्या संपादकानं कोर्टात उभं राहून चार चित्रांत दाखवलं, हा राजा, आणि हा बघता बघता नाशपाती. आता सांगा, नाशपाती काढणं गुन्हा का? कोर्टानं शिक्षा दिलीच. पण मग पॅरिसच्या पोरांनी भिंतीभिंतीवर नाशपात्या काढल्या. कोणाकोणाला पकडणार?

आता सेन्सॉर. तो झोपला नव्हता, रे. त्याला ते चित्र आवडलं असणार! सालाझारनं काय सांगून सत्ता चालवली? पक्ष म्हणजे घाण, पार्लमेंट म्हणजे बडबड, मी आलो आणि गोठा साफ केला. १९०० साली ती डुकरीण राज्य करणाऱ्यांच्या तोंडावर मारलेली चपराक होती. १९४६ ला तीच डुकरीण सरकारच्या दारात राखणीला बसली. रेघ एक पण बदललेली नाही. बघा, आमच्या आधी असं होतं, असा त्याचा अर्थ झाला.

हे मी पुस्तकातून नाही शिकलो. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का, यावर जनमत कौल झाला तेव्हा मी चौदा वर्षांचा, छापखान्यात शाई पुसायला होतो. १६ जानेवारी १९६७ ला मतदान. विलीनीकरणवाल्यांची निशाणी फूल, वेगळा गोवा मागणाऱ्यांची दोन पानं. महिनाभर आम्ही झोपलो नाही, हँडबिलंच हँडबिलं. चित्र हवं असलं की प्रत्येक वेळी ब्लॉक करून आणणं परवडायचं नाही. मालकांचा हात चांगला. ते जमिनीवर अंथरायच्या लिनोलियमचा तुकडा घ्यायचे आणि दाढीच्या पात्यानं कोरायचे. त्यांनी एक जाडा माणूस कोरला. ढेरी सुटलेली, बोटांत आंगठ्या, कुणब्याच्या पाठीवर बसलेला. कुणब्याची जीभ बाहेर.

सकाळी फुलवाले आले. त्या चित्राखाली आम्ही खिळे लावले, 'भाटकार', म्हणजे जमीनदार. दुपारी पानवाले आले. मालकांनी मला डोळा मारला, मी ते खिळे सोडवले आणि नवे लावले, 'घाटावरचा शेट'. ढेरी तीच, आंगठ्या त्याच. दोन्ही बाजूंना पसंत पडलं, दोघांनी रोख दिले. माझ्या आठवणीत दोघांनीही जास्तीच्या प्रती मागितल्या. पानं जिंकली, चौतीस हजार एकवीस मतांनी. जाड्या आमच्याकडेच राहिला. पुढे पंचायतीच्या निवडणुकीत पण त्याला कामाला लावला, तोवर त्याचं नाक झिजून सपाट झालं होतं.

एकच माणूस कधीच बदलावा लागला नाही, तो खालचा. त्याच्याखाली नाव लावा म्हणून कोणी सांगितलंच नाही.

बाय, तू खट्टू का होतेस? अस्सल असतं तर कोणीतरी विकत घेऊन कपाटात घातलं असतं. ही चित्रं स्वस्त, लोकांनी बघून टाकून द्यायची, म्हणून तर एवढी थोडी उरली. तुझ्या कागदाला चार भोकं आहेत. तुझ्या आजोबांनी तो कापला, डकवला, टाचला, आणि वर पेन्सिल चालवली. मला त्या पेन्सिलीचं पडलंय. कोणाला मोडी येते का?

टिकवायचं असेल तर पाऊस संपू दे. पणजीला कृष्णदास शामा लायब्ररीत जुनी वर्तमानपत्रं सांभाळतात, तिथे विचार. पर्वरीचं झेवियर सेंटर पण आहे. तोवर आम्ल नसलेल्या कागदात गुंडाळून सपाट ठेव, ट्रंकेत नको, कसर लागेल. डांबराच्या गोळ्या कागदाला चिकटून ठेवू नकोस. आणि पेन्सिलीवर खोडरबर फिरवलास तर मी फोंड्याला येऊन भांडेन.

मिरामारचा वारा (पणजी)

मारियो नाही हे मान्य. पण लिस्बनच्या पक्षांचं आजोबांना काय पडलेलं?

मोडी-तोडी (पेडणे)

लिस्बनसारखे दोन तट गोव्यात पण होते, वाराबाब. मडगावचं 'ऊ उल्त्रामार' आणि त्याच्या विरोधातलं 'आ इंदिया पोर्तुगेज', दोन वर्तमानपत्रं आणि त्यांच्यामागे दोन पक्ष. २१ सप्टेंबर १८९० ला मडगावात निवडणुकीच्या दिवशी सैन्याने गोळ्या घातल्या, माणसं मेली. तेव्हा आचळांची ओढाताण इथेही पुरेशी होती.

मी जमिनीच्या दाव्यांसाठी मोडी कागद वाचून देतो. ताई, पेन्सिलीचा फोटो जवळून आणि बाजूने उजेड पाडून पाठवा.

माडाखालची (फोंडा)

पाठवला. टॉर्च आडवी धरली तेव्हा खूपच स्पष्ट दिसलं, आधी सुचलंच नव्हतं.

मोडी-तोडी (पेडणे)

हात सराईत आहे, घाईत लिहिलेलं नाही. डावीकडच्या पिलाजवळ 'रेजेदोर', म्हणजे पोर्तुगीजांचा गावचा अधिकारी. मधल्याजवळ 'भाटकार', आणि त्यापुढे आडनावासारखं काहीतरी आहे, ते मी इथे लिहीत नाही, तुम्हाला खाजगीत कळवतो. डुकरिणीच्या तोंडाशी सगळ्यात जवळ जे पिलू आहे, सगळ्यात गुबगुबीत, त्याच्या बाजूला दोनच अक्षरं. 'दादा'.

दादा कोण ते तुम्हाला माहीत असेल.

ट्रेडलकाका (म्हापसा)

आता आजोबा आवडले मला. सरकारनं पाळीव करून सोडलेली डुकरीण, आणि त्यांनी तिला परत रानात नेलं.

माडाखालची (फोंडा)

मंडळी, आईला हे वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग हसायलाच लागली.

आमच्या घरात दादा म्हणजे आजोबांचे वडील. कुळांकडून खंड वसूल करायचे, पाखल्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या कचेरीत त्यांना बसायला खुर्ची मिळायची, हे आम्हाला लहानपणापासून अभिमानाने सांगितलेलं. आईला आणखी एक आठवलं. आजोबांची कामाची खोली माजघराच्या मागे होती, दाराला आतून कडी. दादा जिवंत असेपर्यंत त्या खोलीत झाडू मारायला सुद्धा कोणाला परवानगी नव्हती. त्या खोलीच्या लाकडी फळीवर मी आज जाऊन बघितलं. चार भोकं आहेत. कागद धरून बघितला, बरोबर बसतो.

काका, आम्ल नसलेला कागद पणजीला कुठे मिळेल ते कळवा. आई आता म्हणते फ्रेम करूया, डुकरीण राहू दे. फक्त हॉलमध्ये दादांचा तो मोठा फोटो आहे, चंदनाच्या हाराचा. त्याच भिंतीवर खिळा रिकामा आहे, आणि दिवाळीला सगळे चुलते येणार आहेत.